कुंपण शेत खाते तेव्हा

संगणकावरील खेळ हा विषय शाळेच्या स्मरणिकेत कशासाठी, असा प्रश्न काही पालकांच्या मनात उभा राहील. स्मरणिकेत गुरुजनांच्या आठवणी असाव्यात, वसतिगृहातील दिवसांचे स्मरण असावे, संस्थेच्या वाटचालीचा आढावा असावा. त्यांत खेळांच्या सीडींना काय स्थान? तरीही आम्ही हाच विषय निवडला, त्यास दोन कारणे आहेत. आज बहुतेक घरांत मोबाइल आहे, त्यावर खेळ आहेत, आणि ते उतरवून घेताना मुले कशाकशाला होकार देतात याची कल्पना घरातील मोठ्यांना नसते, हे पहिले कारण. दुसरे कारण शाळेच्याच इतिहासाशी निगडित आहे. ते ओघात येईल.

प्रथम 'आम्ही' म्हणजे कोण ते सांगावयास हवे. शाळेत संगणक कक्ष सुरू झाला त्या सुमारास वसतिगृहात असलेले आणि पुढे संगणकाच्याच क्षेत्रात स्थिरावलेले आम्ही चौघे माजी विद्यार्थी. एक पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो, एक नागपुरात कार्यालयातील संगणकांची देखभाल करते, एक तालुक्याच्या गावी दुरुस्तीचे दुकान चालवितो आणि एक शिक्षक आहे. या लेखातील विचार चौघांचे आहेत.

प्रोग्रामची नक्कल करणे ही गोष्ट फार सोपी आहे. दुकानातून कापड चोरले तर दुकानदाराकडील कापड कमी होते. प्रोग्रामची नक्कल केली तर मूळ प्रत जागच्या जागी राहते. त्यामुळे आपण कोणाचे काही हिरावून घेतले, असे नक्कल करणाऱ्यास वाटतच नाही. परंतु वर्षानुवर्षे खपून खेळ तयार करणाऱ्या चित्रकारांचे, संगीतकारांचे आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे वेतन त्या विक्रीतूनच निघते. त्यांनी आपल्या श्रमाभोवती कुंपण घालावे, यात गैर काही नाही. आरंभीची कुंपणे साधी होती. खेळ सुरू करताना सोबतच्या पुस्तिकेतील अमुक पानावरचा अमुक शब्द टाइप करावा लागे. १९९० साली आलेल्या 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' या खेळासोबत पुठ्ठ्याची एक चक्री मिळे; तिच्यावरील चाच्यांच्या चेहऱ्यांचे अर्धे अर्धे भाग जुळवून खिडकीत दिसणारे साल टाइप केले की खेळ पुढे सरके. चक्री हरवली की पंचाईत होई. पण हे कुंपण संगणकाच्या बाहेर होते. संगणकाच्या आत काय ठेवायचे, हे ठरविणारा मालकच होता.

कुंपण आत शिरले म्हणजे काय होऊ शकते, याचे एक जुने उदाहरण आपल्याच उपखंडातील आहे. १९८६ साली लाहोर येथील बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंचा एक छोटा प्रोग्राम फ्लॉपींवरून पसरला. आपण लिहिलेल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या नकला करणाऱ्यांचा माग लागावा म्हणून तो केला, असे त्यांनी पुढे सांगितले. त्यात त्यांनी स्वतःचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला होता. लपवाछपवीचा हेतू असता तर कोणी पत्ता दिला नसता. परंतु फ्लॉपी हातोहात फिरत परदेशांत गेली, आणि ज्यांनी त्या सॉफ्टवेअरचे नावही ऐकले नव्हते त्यांच्या यंत्रांत तो प्रोग्राम जाऊन बसला. आयबीएम पीसीवरील पहिला व्हायरस म्हणून ओळखला जाणारा 'ब्रेन' तो हाच. संरक्षणासाठी सोडलेली गोष्ट एकदा परक्याच्या घरात शिरली की ती हेतूच्या ताब्यात राहत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

पुढे खेळ सीडीवर आले आणि कुंपणांनी वेगळे रूप घेतले. ते समजण्यासाठी संगणकाची रचना थोडक्यात पाहू. विंडोजसारख्या प्रणालीत दोन दालने असतात, असे समजा. पहिले ओसरीसारखे: आपण वापरतो ते बहुतेक प्रोग्राम तेथे वावरतात, त्यांना डिस्क, कळफलक किंवा स्मृती हवी असेल तर आतल्या माणसाला विचारावे लागते. दुसरे माजघरासारखे: त्यास कर्नल म्हणतात. तेथे शिरलेल्या प्रोग्रामला सगळ्या कोठ्या खुल्या असतात. तेथे चूक झाली तर एखादा प्रोग्राम नव्हे, सारा संगणक बंद पडतो. आणि तेथे लपलेली वस्तू ओसरीवरून दिसत नाही.

खेळाच्या कुलपाला माजघर का लागावे? मूळ डिस्कवर कारखान्यातच काही खुणा केलेल्या असत. कोठे मुद्दाम बिघडविलेले भाग ठेवीत; रशियन 'स्टारफोर्स' या प्रणालीसारख्या ठिकाणी डिस्कवरील भागांची परस्परांतील भौतिक मांडणीच मोजली जाई. घरच्या सीडी रायटरला अशा खुणांची नक्कल जमत नसे. त्यावर लोकांनी संगणकाला खोटीच सीडी ड्राइव्ह भासविणारे प्रोग्राम काढले. मग समोरची ड्राइव्ह खरी की खोटी हे पाहण्यासाठी कुलपाने आपला ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये बसविला. विकत घेणाऱ्याला बहुधा यातील काहीच ठाऊक नसे. खेळ काढून टाकला तरी काही वेळा तो ड्रायव्हर मागे राही.

या प्रकाराकडे जगाचे लक्ष वेधले ते मात्र खेळामुळे नव्हे, गाण्यांच्या सीडींमुळे. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच या संगणकतज्ज्ञाने आपल्याच यंत्रात लपलेला एक प्रोग्राम शोधून त्याची हकिगत प्रसिद्ध केली. सोनी बीएमजी या कंपनीच्या सीडीमधून तो आला होता. विशिष्ट अक्षरांनी सुरू होणाऱ्या नावाची कोणतीही फाइल तो दृष्टीआड करी. अशा लपविणाऱ्या प्रोग्रामला रूटकिट म्हणतात. अवघ्या काही दिवसांत उपद्रवी प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आपल्या फाइलींना तीच अक्षरे लावून त्या आडोशाचा लाभ घेतला. ऑनलाइन खेळात लबाडी करणाऱ्यांनीही आपली साधने त्याच आडोशाला दडविली. म्हणजे चोराला अडविण्यासाठी उभारलेली भिंत चोरालाच लपण्यास उपयोगी पडली. कंपनीला सीडी परत घ्याव्या लागल्या, आणि २००७ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत, ज्यांच्या संगणकांची हानी झाली त्यांना १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे मान्य करावे लागले. याच काळात स्टारफोर्सविषयीही गेमर मंडळींच्या तक्रारी वाढल्या होत्या. सीडी ड्राइव्ह बिघडतात हा आरोप त्या कंपनीने नाकारला. तरी यूबीसॉफ्ट या मोठ्या प्रकाशकाने २००६ मध्ये ती प्रणाली वापरणे थांबविले.

आता शाळेच्या इतिहासाकडे येतो. संगणक कक्षात तेव्हा मोजकी यंत्रे होती आणि सीडी रायटर एकाच यंत्राला होता. २००७च्या दिवाळीच्या सुट्टीत जी मुले घरी जाऊ शकली नव्हती, त्यांच्यासाठी एका हितचिंतकाने शहर वसविण्याचा एक खेळ भेट दिला. सीलबंद खोक्यात, पावतीसह, मूळ प्रत. सरांनी तो त्याच यंत्रावर बसविला. त्या खेळाचे व त्याच्या कंपनीचे नाव येथे देत नाही; या लेखात अन्यत्र आलेल्या नावांपैकी ते नव्हे. सुट्टी आनंदात गेली. त्यानंतर मात्र रायटर मंदावला. डिस्क लिहून पूर्ण झाली असे पडद्यावर दिसे, प्रत्यक्षात तिच्यातील पुष्कळ फाइली उघडत नसत. अँटीव्हायरसला काही सापडले नाही. खेळ काढून टाकला, दोष तसाच राहिला. तालुक्याहून आलेल्या कारागिराने ड्राइव्ह बदलून पाहिली, तरी तेच. शेवटी यंत्र फॉरमॅट करून विंडोज नव्याने घातले, तेव्हा दोष गेला. खेळासोबत आलेला एक ड्रायव्हर फॉरमॅटपूर्वीच्या यादीत होता आणि नंतर नव्हता, एवढे आम्ही पाहिले. त्याहून अधिक पुरावा वसतिगृहातील मुलांजवळ कोठून असणार?

फॉरमॅट करण्यापूर्वी सारे काही डिस्कवर उतरवून घेतलेले होते. पण त्या डिस्का त्याच रायटरने लिहिलेल्या होत्या. गुणपत्रके पुन्हा करता आली, कारण कागद होते. गेल्या त्या आठवणी. भित्तिपत्रकासाठी मुलांनी दोन वर्षे सुट्टीत घरी जाऊन आजी-आजोबांना विचारून लिहून आणलेल्या, आणि दोन बोटांनी टाइप केलेल्या आठवणी: कोणाच्या आजोबांनी गिरणीत काढलेली वर्षे, कोणाच्या आजीची बहात्तरच्या दुष्काळातील खडी फोडण्याची कामे, कोणाच्या घरातील पहिल्या साक्षर माणसाची हकिगत. काही मुलांच्या वह्या शिल्लक होत्या, काहींच्या रद्दीत गेल्या होत्या. सांगणारी काही माणसे तोवर राहिली नव्हती. या स्मरणिकेतील जुन्या पिढीविषयीचा विभाग इतका लहान का, असे कोणी विचारील तर त्याच्या उत्तराचा एक भाग हा आहे.

त्या दिवसांत आम्हांला सर्वाधिक बोचलेली गोष्ट निराळीच होती. तालुक्याच्या आठवडी बाजारात त्याच खेळाची नक्कल थोड्या पैशांत मिळत असे. नक्कल करणाऱ्यांनी कुलूप अगोदरच तोडलेले असल्याने त्या प्रतीत तो ड्रायव्हर नसे. याचा अर्थ नक्कल घेणे शहाणपणाचे, असा मुळीच नाही. अशा प्रतींतून व्हायरस सर्रास येत. परंतु ज्याने पावती घेतली त्याच्या घरात पहारेकरी बसला आणि ज्याने चोरीचा माल घेतला त्याच्याकडे तो फिरकलाही नाही, हे खरे होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आम्ही मराठीच्या तासाला शिकलो होतो. तिचा अर्थ संगणक कक्षात कळला.

हा अनुभव आमच्या एकट्याचा नव्हता, हे पुढील वर्षी जगाला दिसले. सप्टेंबर २००८ मध्ये विल राइट यांच्या कल्पनेतून साकारलेला 'स्पोअर' हा बहुचर्चित खेळ ईए कंपनीने प्रसिद्ध केला. त्यास 'सिक्युरॉम' नावाचे कुलूप होते आणि एक प्रत तीनच वेळा कार्यान्वित करता येत असे. यंत्र फॉरमॅट केले की एक संधी संपली. नवे यंत्र घेतले की दुसरी. पैसे पूर्ण भरायचे आणि पुन्हा कंपनीची परवानगी मागायची! अॅमेझॉनवर दोन हजारांहून अधिक ग्राहकांनी त्या खेळाला सर्वांत कमी गुण देऊन निषेध नोंदविला. कॅलिफोर्नियात दावाही दाखल झाला. कंपनीने मर्यादा तीनवरून पाचवर नेली. इतके करूनही त्या वर्षी सर्वाधिक नकला झालेल्या खेळांत 'स्पोअर'चे नाव वरच्या क्रमांकावर राहिले. मार्च २०१० मध्ये यूबीसॉफ्टने तर 'अॅसॅसिन्स क्रीड २' हा एकट्याने खेळायचा खेळही इंटरनेट अखंड चालू असल्यावाचून चालणार नाही, अशी अट घातली. थोड्याच दिवसांत कंपनीचे सर्व्हर बंद पडले आणि पैसे देणारे खेळाडू ताटकळले. आमच्या भागात तेव्हा दिवसातील कित्येक तास लोडशेडिंग असे. अशी अट लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपल्यासारखे गिऱ्हाईक नसते.

कुलूप लावणारा निघून गेला तर काय, हा प्रश्न त्याहून गंभीर आहे. 'सेफडिस्क' या कुलपाचा ड्रायव्हर काही काळ विंडोजसोबतच येत असे. २००७ साली त्यात असा दोष आढळला की त्याच्या आधारे साध्या वापरकर्त्याला यंत्राचे सर्वाधिकार बळकावता येत. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मधून मायक्रोसॉफ्टने तो ड्रायव्हर वगळला. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण त्यामुळे प्रामाणिकपणे विकत घेतलेल्या अनेक जुन्या डिस्का निरुपयोगी ठरल्या. 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ तर ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद होताच विकत घेतलेल्यांनाही खेळता येईना. त्यातून युरोपात उभ्या राहिलेल्या मोहिमेच्या निवेदनावर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. वस्तू विकत घेतली की ती आपली, ही साधी समजूत टिकविण्यासाठी एवढ्या सह्या लागाव्यात, हे विचार करण्यासारखे आहे.

वसतिगृहात आम्हांला एक नियम रोज सांगितला जाई: जे दिलेले नाही ते घेऊ नये. दुसऱ्याची वही असो, ताटातील भाकरी असो, वा न विचारता वापरलेला साबण असो. नक्कल करणाऱ्याला हा नियम लागू आहे, याविषयी आमच्यात दुमत नाही. आमचे म्हणणे इतकेच की तो कुलूप लावणाऱ्यालाही लागू आहे. ग्राहकाने खेळासाठी पैसे दिले. यंत्राच्या माजघरात वास्तव्य करण्याचा अधिकार दिला नव्हता. तो न सांगता घेतला गेला असेल, तर ते न दिलेले घेणेच होय. 'अटी मान्य आहेत' या बटणामागे पंधरा-वीस पाने बारीक अक्षरांत, परक्या भाषेत लिहिणे आणि मग संमती मिळाली म्हणणे, याला देणे म्हणता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, दुसऱ्याच्या श्रमाचे मोल तुम्हांला काय ठाऊक? ते आम्हांला ठाऊक आहे. आमच्यातील एकाने किराणा दुकानांसाठी मराठीतून बिले करणारा प्रोग्राम लिहिला. पहिल्या दोन वर्षांत जितक्या प्रती विकल्या गेल्या त्याहून अधिक दुकानांत त्याच्या नकला दिसल्या. घरचे हप्ते थकले होते, वाईट वाटले. कोणी सुचविले, असे कुलूप घाल की नक्कल करणाऱ्याचे यंत्रच बंद पडेल. त्याने साधा परवाना क्रमांक ठेवला आणि जो दुकानदार पैसे भरतो त्याला दूरध्वनीवर मदत व दरवर्षी सुधारित प्रत देण्याचे ठरविले. नकला थांबल्या नाहीत; पण मदतीची गरज पडली तेव्हा नक्कल वापरणाऱ्यांतीलही काही जण पैसे भरून गिऱ्हाईक झाले. पोलंडमधील एका कंपनीने याच विश्वासावर २००८ साली 'जीओजी' हे दुकान काढले. तेथील खेळ कुलपाविना मिळतात. तिचाच 'द विचर ३' हा खेळ २०१५ साली पहिल्या दिवसापासून तेथे कुलपाविना उपलब्ध होता, आणि २०२३ पर्यंत सर्व मंचांवर मिळून त्याच्या पाच कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे कंपनीने जाहीर केले. विश्वास ठेवल्याने व्यवसाय बुडतोच, असे नाही.

आपल्या देशातील कायदाही दोन्ही बाजू पाहतो. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेले ६५ए हे कलम हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची व दंडाची तरतूद करते. त्याच कायद्याचे ५२वे कलम मात्र, प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास, ती नष्ट वा खराब होण्याच्या भीतीपोटी राखीव प्रत काढून ठेवण्याची मुभा देते. आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे ४३वे कलम संगणकाच्या मालकाची परवानगी हा शब्द मध्यभागी ठेवते. ही परवानगी खरोखर घेतली गेली का, हे विचारण्याचा अधिकार आपला आहे.

आता सीडी मागे पडल्या. पण माजघरात शिरण्याची रीत गेलेली नाही. आज ऑनलाइन खेळांत लबाडी रोखण्यासाठी कर्नलमध्ये बसणारे ड्रायव्हर येतात. २०२० च्या 'व्हॅलोरंट' या खेळाचा पहारेकरी यंत्र सुरू होतानाच जागा होतो. कंपनी हे उघडपणे सांगते आणि तो काढूनही टाकता येतो, हा पूर्वीच्या तुलनेत चांगला फरक आहे. तरीही ज्या यंत्रावर आईच्या बँकेचे व्यवहार आणि मुलीचा प्रकल्प आहे, त्याच यंत्रावर तो असावा का, हे घरातील मोठ्यांनी ठरवायचे आहे. आमच्या दुकानात येणाऱ्या पालकांना आम्ही चार प्रश्न विचारावयास सांगतो. हा खेळ यंत्रात आणखी काय बसवितो? खेळाशी संबंध नसलेली कोणती परवानगी मागतो? काढून टाकला की सगळा निघतो का? आणि कंपनी उद्या बंद झाली तर विकत घेतलेले आपल्याजवळ राहते का? चारांपैकी दोहोंची उत्तरे मिळेनात, तर तो खेळ अभ्यासाच्या यंत्रावर घेऊ नये.

शाळेच्या नव्या संगणक कक्षासाठी आम्ही चौघांनी एक स्वतंत्र यंत्र दिले आहे. खेळ त्याच्यावरच खेळायचे, कामाच्या यंत्रांवर नाही. त्याचबरोबर आजी-आजोबांच्या आठवणी पुन्हा जमविण्यास यंदापासून आरंभ केला आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी त्या काळातील भित्तिपत्रकाच्या वह्या, सुटे कागद किंवा छायाप्रती असतील, त्यांनी त्या वर्धापनदिनी सोबत आणाव्यात, अशी विनंती आहे. कागद तेथेच स्कॅन करून परत दिला जाईल. सारा मजकूर कोणत्याही यंत्रावर उघडेल अशा साध्या स्वरूपात, तीन निरनिराळ्या ठिकाणी ठेवला जाईल, आणि ज्याच्या घरातील आठवण असेल त्या कुटुंबाला त्याची प्रत मिळेल. त्या प्रतीला कोणतेही कुलूप असणार नाही.